पिकअपची उंची वाढवायची आहे? आधी पाट्यांचं हे गणित समजून घ्या

दसरा झाला की पांढरकवड्याच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसायला लागतात. केळापूर तालुक्यातल्या गावांमधून, घाटंजी आणि झरी जामणीच्या बाजूने पिकअप भरून येतात. काही जिनिंगकडे वळतात, काही बाजार समितीकडे. फाळक्यांच्या वर जाळी बांधलेली, कापूस केबिनच्याही वर गेलेला आणि गाडीचा मागचा भाग खाली बसलेला.

अशा गाडीचा मालक गॅरेजवर आला की त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं.

“भाऊ, मागून एक पाटा वाढवून दे, अन् गाडी दोन इंच उचलून दे.”

ऐकायला हे एकच काम वाटतं, पण यात दोन वेगळी कामं आहेत. गाडी कडक करणं हे एक आणि गाडी उंच करणं हे दुसरं. दोन्हीसाठी लागणारे पार्ट वेगळे, दोन्हीचे धोके वेगळे. तिसरी गोष्ट म्हणजे या दोन्हींमुळे गाडीची वजन वाहून नेण्याची अधिकृत क्षमता एक किलोनेही वाढत नाही.

गोंधळ इथेच होतो. पैसे खर्च होतात, गाडी उंच दिसते, आणि नंतर कधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जातो, कधी मेन पाटा तुटतो, तर कधी भरलेली गाडी वळणावर आडवी होते.

म्हणूनच पाटे, ब्लॉक, शॅकल, शॉकअप यातलं काय कधी निवडायचं आणि काय कधीच निवडायचं नाही, हे सोप्या भाषेत पाहू.

पांढरकवड्याच्या गाडीला दोन रस्ते सांभाळावे लागतात

पांढरकवडा राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही तो सात नंबरचा रोड. श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला जाणारा हा देशातला सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग. इथून उत्तरेला करंजी, वडकी, हिंगणघाट करत नागपूर आणि दक्षिणेला पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडली की तेलंगणातलं आदिलाबाद. रस्ता गुळगुळीत, वेग जास्त.

पण कापूस महामार्गावर पिकत नाही. तो शेतात पिकतो आणि शेतात जायला पांदण रस्ता असतो. इथली जमीन काळी, कपाशीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि दिवाळीपर्यंत त्या तशाच वाळून दगडासारख्या होतात. पांदण रस्त्यांची अवस्था हा राज्यभरातला जुना विषय. त्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ आणली.

म्हणजे एकाच फेरीत गाडी आधी चाकोरीतून चालते, मग महामार्गावर पळते. पांदणीत उंच गाडी बरी वाटते, महामार्गावर बुटकी गाडी जास्त सुरक्षित असते. पिकअपच्या सस्पेन्शनची निवड या दोन टोकांच्या मधेच करावी लागते.

कोणता पार्ट काय काम करतो?

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना मागे आडवा अखंड एक्सल असतो आणि तो पाट्यांच्या कमानीवर टेकलेला असतो. एकावर एक ठेवलेल्या स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या, मधून सेंटर बोल्ट, आणि यू बोल्टने एक्सलला आवळलेली ही जुडी. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा चेसिसला घट्ट बसतो, दुसरा शॅकलवर झुलतो. कमान दबली की तिची लांबी वाढते, त्या वाढीला जागा देण्यासाठी ही शॅकल असते.

पुढच्या बाजूला गाडीप्रमाणे फरक पडतो. कुठे पाटे, कुठे कॉइल स्प्रिंग, कुठे टॉर्शन बार.

यात वजन पेलण्याचं काम पाट्याचं. शॉकअप वजन पेलत नाही. दबलेला पाटा परत उसळतो, ती उसळी लवकर थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. त्यामुळे “गाडी मागून बसतेय, शॉकअप बदलून दे” असं कुणी म्हणत असेल तर तो चुकीच्या दुकानात पैसे देतोय. साधा शॉकअप कितीही महागाचा टाकला तरी भरलेली गाडी तेवढीच बसणार.

पहिलं काम टेप घेऊन मोजायचं

गाडी “बसली” म्हणजे नेमकं काय झालं, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी सपाट जागा आणि मोजायचा टेप एवढं पुरेसं आहे.

चाकाच्या मधोमध, म्हणजे हबच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. चारही चाकांचं. एकदा रिकामी गाडी, एकदा नेहमीचा माल भरून. जमिनीपासून मोजलं तर टायरमधल्या हवेमुळे आकडा बदलतो, म्हणून हबपासून मोजायचं.

आता तीन शक्यता असतात.

एक, रिकामी गाडीच कमी उंचीवर आहे. त्याच मॉडेलच्या नव्या गाडीपेक्षा दीड-दोन इंच खाली. याचा अर्थ पाटे थकलेत. यांना लिफ्ट किट लागत नाही, दुरुस्ती लागते.

दोन, रिकामी गाडी ठीक आहे, पण भरली की फार बसते. मग पाटे भरलेल्या वजनाला कमी पडतायत. इथे वजनकाट्याची पावती बघावी लागते, कारण बऱ्याचदा पाटे बरोबर असतात आणि माल जास्त असतो.

तीन, डावी-उजवी बाजू वेगळी आहे. एखादा पाटा तुटलाय, सेंटर बोल्ट गेलाय किंवा शॅकलचा बुश संपलाय. यावर पाटा वाढवला तर दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

जुन्या गाडीत ही पहिली किंवा तिसरी शक्यता निघाली तर उंची “वाढवायची” गरजच उरत नाही. हरवलेली उंची परत आणली की काम होतं.

पाटे दुरुस्त करायचे की नवे टाकायचे?

थकलेल्या पाट्यांना परत कमान देता येते. पण ती कशी दिली जाते, यावर सगळं अवलंबून आहे.

पाट्याचं स्टील साधं लोखंड नसतं. सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम-व्हॅनेडियम असलेलं हे स्प्रिंग स्टील असतं. कारखान्यात ते लालबुंद तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा कमी तापमानावर ठराविक वेळ तापवतात. पहिल्या टप्प्यात ते कडक होतं, दुसऱ्या टप्प्यात त्यातला ठिसूळपणा जातो. या दोन टप्प्यांमुळेच पाटा लाखो वेळा वाकून परत सरळ होतो.

आता समजा कुणी हाच पाटा भट्टीत लाल केला, ठोकून कमान दिली आणि उघड्यावर गार व्हायला ठेवला, तर कारखान्यात दिलेला कडकपणा निघून जातो. त्या दिवशी गाडी मस्त उंच दिसते आणि काही आठवड्यांत पुन्हा बसते. पाण्यात बुडवून एकदम गार केला तर उलट होतं, पाटा काचेसारखा ठिसूळ होतो आणि एखाद्या खड्ड्यात तुटतो.

न तापवता, थंड अवस्थेत ठोकून दिलेली कमान त्यापेक्षा बरी. पण तीही जुन्या, झिजलेल्या पाट्याला नवं आयुष्य देत नाही. पाट्याला वेल्डिंग मात्र कधीच करू नये. वेल्डिंगच्या बाजूचा भाग ठिसूळ होतो आणि पाटा तिथूनच तुटतो.

म्हणून गाडी जुनी असेल, पाट्यांवर गंज आणि चरे असतील, तर त्याच मापाचा पूर्ण नवा संच टाकणं हाच शेवटी स्वस्त पर्याय पडतो. भारतात पाटे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. यमुनानगरची जमना ऑटो ही त्यातली सगळ्यात मोठी. ट्रकपासून पिकअपपर्यंत अनेक गाड्यांना कंपनीतूनच बसून येणारे पाटे अशा कारखान्यांमधून येतात. नवा संच घेताना दोन्ही बाजू एकदम बदलायच्या. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना संच टाकला तर गाडी कायम एका अंगाला झुकते.

“एक पाटा वाढवून दे” मागचं गणित

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पाटा वाढवला की कडकपणा किती वाढतो?

पाट्याचा कडकपणा त्याच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. घन म्हणजे जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. ८ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी तेवढ्याच लांबी-रुंदीचा १० मिलिमीटरचा पाटा घेतला, तर जाडी फक्त पावपट वाढली. कडकपणा मात्र जवळपास दुप्पट होतो.

इथे एक सापळा आहे. जाड पाटा पातळ पाट्यांच्या जुडीत घुसवला की सगळे पाटे एकत्रच वाकतात. सारखंच वाकताना जाड पाट्यावर ताण जास्त येतो. त्यामुळे “दमदार” म्हणून टाकलेला जाड पाटाच आधी तुटतो आणि तुटताना शेजारच्यालाही घेऊन जातो. म्हणून पाटा वाढवायचाच असेल तर तो जुडीतल्या इतर पाट्यांच्या जाडीचा आणि रुंदीचा हवा.

लांबीचाही प्रश्न आहे. जुडीत मिसळून जाणारा लांब पाटा वजन सगळ्या जुडीत वाटतो. आखूड आणि सरळसोट पाटा मधल्या भागात ताण गोळा करतो. उंची दोघांनीही मिळते, पण आखूड पाट्याने गाडी जास्त आदळते.

सगळ्यात समजूतदार पर्याय म्हणजे हेल्पर पाटा. हा मुख्य जुडीपासून थोडा सुटा असतो. गाडी रिकामी असताना तो काम करत नाही. माल भरून कमान दबली की तो टेकतो आणि वजन घ्यायला लागतो. अनेक पिकअपमध्ये कंपनीनेच ही सोय दिलेली असते.

याचं महत्त्व कापसाच्या फेरीत कळतं. माल जाताना असतो, येताना गाडी रिकामी असते. म्हणजे निम्मे किलोमीटर रिकाम्या गाडीचे. कायमचे कडक पाटे टाकलेली रिकामी गाडी खड्ड्यावर उड्या मारते, मागची चाकं जमीन सोडतात. जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेकही लागत नाही.

ब्लॉक, शॅकल आणि हवेच्या पिशव्या

कडकपणा न वाढवता फक्त उंची वाढवायची असेल तर बाजारात तीन गोष्टी दाखवल्या जातात.

पहिली म्हणजे ब्लॉक. एक्सल आणि पाट्यांच्या मधे लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा ठोकळा ठेवायचा. दोन इंचाचा ब्लॉक टाकला की मागचा भाग दोन इंच उंच. काम स्वस्त आणि झटपट होतं. पण ब्लॉकमुळे एक्सल पाट्यांपासून लांब जातो. जोरात रेस दिली किंवा ब्रेक मारला की एक्सल जागेवर पिळायचा प्रयत्न करतो आणि लांब तरफेमुळे पाट्यांवर जास्त पीळ पडतो. त्यामुळे ब्लॉक एकच आणि कमी उंचीचा हवा. ब्लॉकवर ब्लॉक ठेवायचा नाही. पुढच्या एक्सलला तर ब्लॉक लावायचाच नाही, कारण तिथे स्टेअरिंग आणि मोठा ब्रेकिंगचा भार असतो.

दुसरी म्हणजे लांब शॅकल. यात हिशेब अर्धा होतो. शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी साधारण एकच इंच उचलते, कारण कमानीचं एकच टोक खाली गेलेलं असतं. शिवाय कमान तिरकी झाल्यामुळे एक्सलही थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. लांब शॅकल आडव्या हेलकाव्यालाही जागा देते. कापूस उंच भरणाऱ्या गाडीला हा हेलकावा नकोच असतो.

तिसरी म्हणजे हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर हेल्पर. चेसिस आणि एक्सलच्या मधे बसणाऱ्या रबरी पिशव्यांमध्ये माल असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा कमी करायची. कल्पना चांगली आहे. पण पांदणीतल्या तुराट्या, पऱ्हाट्यांची खुंटं आणि चिखल यात रबर किती टिकणार, हा प्रश्न आहे. शिवाय चेसिसवर वजन एका नव्या बिंदूवर पडायला लागतं. मूळ रचनेत तिथे तेवढं वजन धरलेलं नसतं.

पुढचा भाग उचलताना

पुढे टॉर्शन बार असेल तर त्याचा बोल्ट आवळला की गाडी उंच होते. फुकटात उंची मिळाली असं वाटतं. पण बार आवळल्याने तो कडक होत नाही, फक्त आधीच पिळलेला राहतो. चाक खाली जायला जी जागा होती, ती कमी होते. खड्डा आला की चाक खाली जात नाही, टोकाला आदळतं.

कॉइल स्प्रिंग असेल तर वर स्पेसर टाकतात. परिणाम तोच, बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे कोन बदलतात. फोर बाय फोर गाडीत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंटही वाकड्या कोनात फिरतात आणि लवकर संपतात.

पुढे काहीही केलं की व्हील अलाइनमेंट करावंच लागतं. नाहीतर नवे टायर एका कडेने घासून जातात.

सगळ्यात खालचा भाग तसाच राहतो

उंची वाढवणाऱ्या बहुतेक लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट आता.

पिकअप पांदणीत अडकते ती बऱ्याचदा मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यामुळे, म्हणजे डिफरन्शिअलमुळे. चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा तिथेच टेकतो. पण हा गोळा एक्सलवर आहे आणि एक्सल पाट्यांच्या खाली आहे. पाटे वाढवा, ब्लॉक टाका, शॅकल लांब करा, वर जातो तो चेसिस, केबिन आणि हौदा. गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो.

गोळा वर नेणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे टायर. तिथेही हिशेब अर्धा. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर जातो. मोठ्या टायरने गाडीचा जोर कमी होतो, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि ब्रेकवर भार वाढतो.

त्यामुळे पांदणीतल्या अडकण्यावर लिफ्ट किट हे उत्तर बऱ्याचदा नसतंच. चांगल्या नक्षीचे, कंपनीने सांगितलेल्या मापाचे टायर आणि चाकोरीत न उतरता कडेवरून गाडी काढणारा ड्रायव्हर, एवढ्यावर काम भागतं.

उंचीसोबत ब्रेकचं काय होतं?

सस्पेन्शन बदलताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या भागाकडे.

अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसिसवर व्हॉल्व्ह आणि तिथून एक दांडी किंवा स्प्रिंग मागच्या एक्सलला जोडलेली. गाडी भरली की चेसिस एक्सलजवळ येतो, दांडी फिरते, व्हॉल्व्हला कळतं की माल भरलाय आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी घसरत नाही.

आता गाडी दोन इंच उचलली. माल भरला तरी चेसिस एक्सलपासून लांबच राहतो आणि व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे जेव्हा गाडी पूर्ण भरलेली असते, नेमकं तेव्हाच मागचा ब्रेक कमी मिळतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि गाडी थांबायला जास्त रस्ता घेते.

नुसते पाटे कडक केले, उंची फारशी वाढली नाही, तरी हेच होतं. कारण कडक पाटे माल भरल्यावर कमी दबतात.

म्हणून सस्पेन्शनला हात लावला की या दांडीची सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा करून घ्यायची. गॅरेजवाल्याला त्या व्हॉल्व्हबद्दल काहीच माहीत नसेल तर काम तिथे करायचं नाही.

याशिवाय ब्रेकच्या रबरी पाइपला चाक पूर्ण खाली लोंबकळलेल्या अवस्थेत ताण बसत नाही ना, हे तपासायचं. शॉकअपची लांबी पुरते का, तेही पाहायचं. आखूड शॉकअप आदळ्याला आतून तुटतो. हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मारतो, म्हणून तोही खाली करून घ्यायचा.

कापूस हलका असतो, मग गाडी का उलटते?

कापूस आकाराने मोठा, वजनाने हलका. गाडीचं वजन नियमात बसवायचं तरी कापूस उंच भरावा लागतो. म्हणजे माल किलोने कमी असला तरी त्याचा भार उंचावर असतो.

गाडी उलटायची सीमा साध्या गणिताने काढता येते. दोन चाकांमधल्या रुंदीला, गाडीच्या भारकेंद्राच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. समजा चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि भरलेल्या गाडीचं भारकेंद्र १००० मिलिमीटरवर आहे. उत्तर येतं ०.७०. म्हणजे वळणावर बाहेर खेचणारा जोर गाडीच्या वजनाच्या ७० टक्क्यांवर गेला की आतली चाकं उचलायला लागतात.

आता कापूस उंच भरला, भारकेंद्र १२५० वर गेलं, उत्तर ०.५६. त्यावर तीन इंचाची लिफ्ट, म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर, उत्तर ०.५३.

हे आकडे रस्त्यावर कसे दिसतात? ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली गाडी कागदावर ताशी ६६ किलोमीटरपर्यंत तग धरते, शेवटची ५८ पर्यंत. हा फक्त कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात पाटे झुकतात, टायर दबतात, माल एका बाजूला सरकतो, रस्त्याला खड्डा असतो. त्यामुळे खरी सीमा याच्याही बरीच खाली असते.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. वेचणीच्या दिवसांत याच गाड्यांमधून मजूर बायाही शेतात जातात आणि संध्याकाळी परततात. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं कोंबून नेणं कायद्यालाही मान्य नाही. उंच केलेली, कडक पाट्यांची, रिकामी असल्याने उड्या मारणारी गाडी आणि तिच्या हौद्यात उभी माणसं, यापेक्षा धोकादायक जुळणी शोधून सापडणार नाही. गाडी उलटली की केबिनमधल्याला निदान पत्र्याचा आडोसा असतो, हौद्यातल्याला काहीच नसतो.

पाटा वाढला म्हणून पासिंग वाढत नाही

प्रत्येक मालवाहू गाडीच्या आरसीवर एकूण वजनाचा आकडा असतो. गाडी, ड्रायव्हर, डिझेल आणि माल मिळून गाडीचं वजन त्याच्या वर जाता कामा नये. हा आकडा ठरवताना पाट्यांसोबत एक्सल, बेअरिंग, चेसिस, ब्रेक आणि टायर सगळेच धरलेले असतात. त्यातला फक्त पाटा दमदार केला तर बाकीचे तेवढेच कमजोर राहतात.

टायरचंच उदाहरण घ्या. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो, तो लोड इंडेक्स. १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. मागे १०४ चे दोन टायर असतील तर मागच्या एक्सलवर एकूण १८०० किलोच चालतात. त्यात गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजनही आलं. पाटा किती टनाचा आहे, याच्याशी टायरला देणंघेणं नसतं.

कायद्याची बाजूही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात याच कलमाचा आधार घेत, कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. जादा मालासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याकडे.

थकलेल्या पाट्यांच्या जागी त्याच मापाचे नवे पाटे टाकणं ही देखभाल झाली. गाडीची उंची आणि रचना बदलणारं किट हा वेगळा विषय होतो. असं काही करायचंच असेल तर आधी यवतमाळच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घेतलेलं बरं. अपघातानंतर विमा कंपनीने बदल केलेल्या गाडीवर बोट ठेवलं, तर नवं गाडीकर्ज आणि जुनं पीककर्ज एकाच घरात येतं.

ऑस्ट्रेलियात सस्पेन्शन बदलून गाडीची अधिकृत वजनमर्यादा वाढवून घेण्याची प्रमाणित पद्धत आहे. एआरबीसारख्या तिथल्या कंपन्यांचे किट यूट्यूबवर दिसतात ते त्या व्यवस्थेतले. आपल्याकडे तेच किट बसवलं म्हणून आरसीवरचा आकडा बदलत नाही. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेऊन डोंगरात फिरणाऱ्या हौशी लोकांसाठी स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांशी जुळवलेले संच मिळतात. पण त्या गाड्यांची गरज वेगळी आणि कापूस वाहणाऱ्या पिकअपची वेगळी.

मग कुणी काय निवडायचं?

गाडी जुनी आहे आणि रिकामीच बसलीय: त्याच मापाचे नवे पाटे, नवे बुश, नवे यू बोल्ट, गरज असेल तर शॉकअप. उंची आपोआप परत येते.

गाडी चांगली आहे, माल पासिंगमध्ये आहे, तरी भरल्यावर जास्त बसते: कंपनीच्या मापाचा हेल्पर पाटा किंवा जुडीच्याच जाडीचा लांब पाटा, दोन्ही बाजूंना सारखा. सोबत ब्रेकच्या व्हॉल्व्हची सेटिंग.

माल पासिंगच्या वर आहे: पाटा नको, दुसरी फेरी किंवा मोठी गाडी हवी.

पांदणीत गाडी टेकते: आधी टायर बघा. त्यानंतरही उंची हवीच असेल तर कायदेशीर बाजू तपासून, जास्तीत जास्त इंच-दीड इंचाच्या आत राहा.

गाडी फक्त रुबाबदार दिसायला उंच करायची आहे: ती मालाला लावू नका आणि तिच्यात माणसं बसवू नका.

गॅरेजवर उभं राहून विचारायचे प्रश्न

नवा पाटा किती मिलिमीटर जाडीचा आहे आणि जुडीतले बाकीचे किती? हे कॅलिपरने मोजून घ्या.

यू बोल्ट नवे आहेत का? एकदा आवळून ताणलेले जुने यू बोल्ट परत वापरू नयेत. जुडी जाड झाली तर लांब यू बोल्ट लागतात.

नटांचे आटे पूर्ण बसलेत का? दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालली की यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला या.

लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह सेट केला का? ब्रेकचा पाइप पुरतोय का?

आणि शेवटी, काम झाल्यावर पुन्हा टेप लावा. हबपासून फेंडरपर्यंतचे चार आकडे आधी लिहून ठेवलेल्या चार आकड्यांशेजारी लिहा. डावी-उजवीत फरक दिसला तर गाडी तिथून हलवू नका. दुसऱ्या दिवशी माल भरून त्याच ठिकाणी परत मोजा, आणि रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात एकदा जोरात ब्रेक मारून बघा. गाडी सरळ थांबली, की मग जिनिंगचा रस्ता धरायला हरकत नाही.